मायेने बसवून ठेवलेली माणसे

भाद्रपद उजाडला, धानाच्या बांध्या गर्द हिरव्या झाल्या आणि गावोगावचे तलाव काठोकाठ भरले, म्हणजे आमच्या गोंदिया भागातून प्रवास करताना आम्हांस एका मुलाची हटकून आठवण होते. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. गोंदिया हा त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला. तेव्हा आम्ही तिकडील एका खेड्याच्या शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या पाचवीच्या वर्गात हा मुलगा आला. दोन वर्षांचा असताना ताप येऊन पोलिओने त्याचा डावा पाय लुळा पडला होता. डाव्या मांडीवर हात दाबून तो चालत असे. बुद्धीने तल्लख, पाठांतरात पहिला, स्वभावाने अबोल. कवायतीचा तास आला की सारी मुले मैदानावर रांगेत उभी राहत, आणि हा कडुनिंबाखाली बसून वर्गाच्या चपलांची व दप्तरांची राखण करी. ही व्यवस्था आमचीच होती आणि तिला आम्ही दया समजत होतो.

एके दिवशी त्याची आई रडत शाळेत आली. मुलगा मधल्या सुटीत गावाबाहेरच्या बोडीवर जातो, पाण्यात उतरतो, असे तिला कोणीतरी सांगितले होते. बोडी म्हणजे शेताला पाणी पुरविण्यासाठी बांध घालून केलेले लहानसे तळे; आमच्याकडे हा शब्द घरोघरी आहे. आम्ही मुलांकडे चौकशी केली तेव्हा ती म्हणाली की, हा नुसता पाण्यात उतरत नाही. या काठावरून त्या काठाला पोहून जातो आणि वर्गातला एकही मुलगा त्याला गाठू शकत नाही! आमच्या जागी एखादा खरा शिक्षक असता, तर ही बातमी ऐकून त्याला आनंद झाला असता आणि तो मुलाबरोबर बोडीवर गेला असता. आम्ही मात्र त्याला वर्गापुढे उभे केले, ‘तुझ्यासारख्याने असले धाडस करू नये’ म्हणून चार कठोर शब्द ऐकविले आणि पुन्हा पाण्याजवळ जाणार नाही असे वचन त्याच्याकडून घेतले. मुलगा वचनाचा पक्का निघाला.

तो गेल्या वर्षी एका लग्नघरी आम्हांस भेटला. वय पन्नाशीच्या घरात. काखेत कुबड्या, देह स्थूल झालेला, डावा गुडघा आखडून कायमचा वाकलेला, चार पावले चालताच धाप. तो वाकून नमस्कार करू लागला तेव्हा आम्हीच त्याचे हात धरले. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. तो इतकेच म्हणाला, ‘‘गुरुजी, डॉक्टर आता मला पोहायला सांगतात, पण आता पाण्याचीच भीती वाटते.’’

या एका वाक्याने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ झोप लागू दिली नाही. हा लेख त्याच अस्वस्थतेतून लिहीत आहो.

दोन व्याधी : एक दैवाची, दुसरी आपली

पोलिओने त्या मुलाचे काय नेले आणि आम्ही काय नेले, याचा हिशेब स्वच्छ मांडला पाहिजे. पोलिओचे विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरून स्नायूंना हालविणाऱ्या पेशींचा नाश करतात. ज्या स्नायूंच्या पेशी गेल्या ते स्नायू दुबळे झाले, हे नुकसान दैवाच्या खात्यात. परंतु न हालविल्यामुळे सांधे आखडणे, अंगावर मेद चढणे, हृदय व फुप्फुसे कमकुवत होणे, हाडे ठिसूळ होणे आणि धडधाकट असलेले दंड, छाती व पाठही हळूहळू शिथिल होणे, हे पोलिओने केलेले नव्हे. बसून राहण्याने केलेले आहे. पहिल्या व्याधीवर कोणाचा इलाज नव्हता. दुसरी आम्ही, त्याच्या आईने आणि त्याच्या गावाने मिळून, केवळ मायेपोटी, त्याला बहाल केली.

भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. तेव्हा हा प्रश्न आता जुना झाला, असे कोणी समजू नये. त्या रोगातून वाचलेली पिढी आज चाळिशी-साठीत आहे. शिवाय अपंगत्व काही एका पोलिओनेच येते असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली होती. कोणाला जन्मताच मेंदूला इजा होते, कोणाची दृष्टी जाते, कोणाचा पाय अपघातात किंवा मधुमेहात कापावा लागतो, कोणाला पक्षाघात होतो. ज्या घरात आजोबांपासून पणतवापर्यंत माणसे एकत्र नांदतात, अशा घराने आपल्या गोतावळ्यात एकवार नजर फिरवावी. एखादी खाट, एखादी आरामखुर्ची, माजघरातली एखादी कोपऱ्यातली जागा अशी निघेलच की, जेथे कोणीतरी वर्षानुवर्षे बसून आहे आणि ज्याला हातात पाणी आणून देणे हेच घरातील सर्वांना कर्तव्य वाटते. असल्या माणसांना आपण पूर्वी पंगू म्हणत होतो, मग अपंग म्हणू लागलो, आता दिव्यांग म्हणतो. नाव दोनदा बदलले. बसण्याची जागा मात्र तीच राहिली.

प्राचीनांचा दृष्टिकोन

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात अशी शंका येईल की, व्यायाम हा तालमीतील सशक्तांचा विषय. दुबळ्या माणसास त्याची जोड कशास? या शंकेचे मूळ आपल्या शास्त्रांत नाही. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात शरीराला धर्माचे आद्य साधन म्हटले आहे. तो चरण आपण शाळांच्या व व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवितो. परंतु त्याच श्लोकाचा त्याच्या लगेच आधीचा चरण भिंतीवर कोणी लिहीत नाही. बटूच्या वेषात आलेला शंकर त्या चरणात तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो की, तुझे तप तुझ्या स्वतःच्या शक्तीला धरून चालले आहे ना? म्हणजे कवीने शरीराचे माहात्म्य सांगितले ते ‘स्वशक्ती’चा प्रश्न विचारून मगच. दुसऱ्याच्या शक्तीचे माप तेथे नाही.

आयुर्वेदाचा अभिप्राय याहूनही स्पष्ट आहे. जी शरीराची हालचाल आपल्याला हवीशी असते, जिने अंगी स्थैर्य येते व बळ वाढते तिला चरकाने व्यायाम म्हटले आहे आणि ती मात्रेने करावी असे बजाविले आहे. या व्याख्येत जोर नाहीत, बैठका नाहीत आणि दोन पायांची अटही नाही. सुश्रुत तर मात्राही सांगतो : आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा, श्वास तोंडावाटे सुरू झाला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. हे माप ज्याच्या त्याच्या देहातच ठेवलेले आहे. पैलवानाचे अर्धे बळ निराळे आणि खाटेवरच्या आजीचे निराळे. पण अर्धे बळ दोघांनाही आहे. आजचे डॉक्टर सांगतात की, व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका श्रम मध्यम समजावा. शब्द निराळे, तात्पर्य फारसे निराळे नाही.

स्टोक मँडेव्हिल आणि हायडेलबर्ग

आधुनिक काळात हे तत्त्व प्रत्यक्ष करून दाखविण्याचा मान लुडविग गुटमन या डॉक्टराकडे जातो. हा जर्मनीतील ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडात आश्रयाला आला. पाठीचा कणा मोडून कमरेखाली निर्जीव झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे जो विभाग उघडला, तो त्याच्या हाती देण्यात आला. त्या काळी अशा रुग्णाला स्वच्छ अंथरुणावर पडू द्यावे आणि शांतपणे मरू द्यावे, हीच रीत होती. बहुतेक रुग्ण अंगावर पडणाऱ्या क्षतांनी आणि मूत्रमार्गाच्या दाहाने थोड्याच काळात मरत. गुटमनने त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा दंडक घातला, त्यांच्याकडून काम करून घेतले आणि अखेर त्यांच्या हाती धनुष्ये दिली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पुढे १९६० मध्ये रोम येथे याच बीजातून जो वृक्ष उभा राहिला, त्यालाच आज आपण पॅरालिंपिक म्हणतो.

या वृक्षाचे एक फळ महाराष्ट्राच्याही पदरी पडले आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते आणि मुष्टियुद्धात नाव कमावीत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार पाणीच वाहते; जो देह जमिनीवर ओझे होतो तो तेथे हलका होतो. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला आणि पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. सरकारने पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. आपल्या वऱ्हाडात पाहावे तर अमरावतीच्या जन्मांध कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत २०० मीटरच्या मिश्र शैलीत सुवर्णपदक मिळविले. मुंबईस शिवाजी पार्कवर उदय देशपांडे यांनी अंध मुलींना मल्लखांब शिकविला. लाकडाचा गुळगुळीत खांब स्पर्शाने ओळखून त्यावर चढणाऱ्या या मुलींना पाहिल्यावर कोणाला काय जमणार नाही, हे आधीच ठरविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असा प्रश्न पडतो.

ही नावे आम्ही घेतली ती घरोघर पदके यावीत म्हणून नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पेटकरांचे पोहणे पदकासाठी सुरू झाले नव्हते, ते प्रकृतीसाठी सुरू झाले. पदक लाखांत एकाला मिळावयाचे. प्रकृती प्रत्येकाला हवी. आमच्या विद्यार्थ्यानेही पदक मिळविले नसते कदाचित. पण लग्नघरी तो धापा टाकीत आला नसता.

किती करावे, कसे करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यात प्रथमच अपंगांचा निराळा विचार केला. त्याचा सारांश असा : प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी व निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. हे माप अपंगांनाही तेच. ज्यांना तेवढे साधत नाही त्यांनी थोडक्यापासून आरंभ करावा आणि हळूहळू वाढवावे. कारण काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे. आठवड्याला १५० मिनिटे म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. एका आरतीला व एका चहाला लागतो, त्याहून फारसा अधिक वेळ नव्हे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांस व फिजिओथेरपिस्टांस दाखवून कोणती हालचाल करावी व कोणती टाळावी हे समजून घ्यावे. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ल्यासाठी नागपूर गाठलेच पाहिजे अशी आता स्थिती नाही.

पक्षाघात झालेल्या वडीलधाऱ्यांना उठविताना घरची मंडळी लुळा हात धरून ओढतात. असे कधीही करू नये. त्याने खांद्याचा सांधा निसटतो आणि जन्माचे दुखणे लागते. कमरेला आधार द्यावा. दुबळा हात कामातून बाद न करता त्यालाही वाटा द्यावा : वाटी धरणे, घडी घालताना धोतराचे टोक दाबून ठेवणे, निवडताना ताट स्थिर ठेवणे.

चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याने दिवसभर एकाच जागी भार टाकून बसू नये. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा दाबून थोडा वेळ अंग उचलावे व असे दर अर्ध्या तासाने तरी करावे. क्षते टळतात आणि दंडांना व्यायामही होतो. ज्यांच्या कण्याला वरच्या भागी इजा झाली आहे त्यांच्या अंगाला खालच्या बाजूस घाम येत नाही. तेव्हा आमच्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे धाव घेतो त्या दिवसांत, त्यांचा व्यायाम भल्या पहाटे अगर घरात सावलीतच व्हावा.

अंध माणसाला फिरावयास नेताना त्याचा हात धरून ओढू नये. आपल्या कोपराच्या वर त्यास धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्यास वळण व पायरी कळते.

पोलिओ होऊन गेलेल्यांनी एक पथ्य विशेष पाळावे. पुष्कळ वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना नवा अशक्तपणा येतो. अशा वेळी दुबळे स्नायू थकेपर्यंत राबविणे हितावह नसते. आजचा शीण उद्याही उरला तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी. सुश्रुताचे अर्धे बळ ते हेच.

आमच्या भागाचे एक दुखणे

पूर्व विदर्भातील वाचकांशी एका विकाराविषयी निराळे बोलणे अवश्य आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आमच्याकडे पुष्कळ आढळतो. त्यात तांबड्या पेशी प्राणवायू कमी होताच विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे जे २१ प्रकार मानले आहेत, त्यांत या विकाराचाही समावेश आहे. आणि १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

या मुलांच्या बाबतीत शाळेत दोन्ही बाजूंनी चूक होते. पाय हाताने चेपीत बसलेले मूल बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून एक शिक्षक त्याला आळशी ठरवून धावावयास लावतो. दुसरा शिक्षक आमच्यासारखा. तो त्याला कायमचे झाडाखाली बसवितो. वास्तविक अशा मुलास डॉक्टरांच्या सल्ल्याने मध्यम व्यायाम मानवतो. मात्र त्याने वरचेवर पाणी प्यावे, दमण्याआधी थांबावे, भर उन्हात धावू नये, थंडीत अंग उबदार ठेवावे आणि थार पाण्यात उतरू नये. कारण पाण्याचा शोष, थंडी व अतिश्रम या तिन्हींनी वेदनांचा झटका येऊ शकतो. दुखणे सुरू असताना विश्रांतीच हवी. हे नियम कवायतीच्या शिक्षकाने वहीत उतरून घ्यावेत. शिक्षा आणि सूट या दोहोंच्या मध्ये मात्रा म्हणून एक गोष्ट आहे, ती शोधणे हेच शिक्षकाचे काम होय.

तलावांच्या देशात

आमचा प्रदेश तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेले आणि मालगुजारांच्या ताब्यात असलेले शेकडो तलाव येथे आहेत. माजी मालगुजारी तलाव या लांबलचक सरकारी नावाचा लोकांनी ‘मामा तलाव’ असा सुटसुटीत संक्षेप केला आहे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचे विस्तीर्ण जलाशय तर दूरदूरचे लोक पाहावयास येतात. इतके पाणी सभोवती असताना, ज्यांच्या देहाला पाण्याचा आधार सर्वांत अधिक मानवला असता, अशांनाच आपण पाण्यापासून सर्वांत दूर ठेविले!

हे वाचून कोणी उद्याच मुलास तलावावर नेऊ नये. पाणी हे पाणी आहे. चांगला पोहणारा माणूस शेजारी असल्यावाचून, तळ माहीत असल्यावाचून आणि अंगाला फुगीर जाकीट अगर दोर असल्यावाचून उतरू नये; ज्यास फेपरे येते त्याने डॉक्टरांच्या परवानगीवाचून मुळीच नाही. बांधीव तरणतलाव जवळ असेल तर तोच बरा. पण काळजी घेणे निराळे आणि मनाई करणे निराळे. आम्ही त्या मुलाला मनाई केली. खरे म्हणजे दोर घेऊन काठावर बसावयाचे होते.

आमच्या घरचा प्रयोग

परोपदेशे पांडित्य, असा आक्षेप येण्याआधी घरची हकीकत सांगतो. आमच्या एकत्र कुटुंबात पुतण्याची एक मुलगी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे तिचा उजवा हात व उजवा पाय ताठर आहे. आता ती नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षापर्यंत तिला काही मागावे लागत नसे. तिने हात पुढे केला की चार जणी धावत. जिना चढावयाचा तर काका कडेवर घेत. लाडाला सीमा नव्हती, आणि फिजिओथेरपिस्टांनी सांगितलेला व्यायाम मात्र मुलगी रडते म्हणून दोनच आठवड्यांत बंद पडला होता.

लग्नघरच्या त्या भेटीनंतर आम्ही घरात बैठक घेतली. वहिनी प्रथम रागावल्या. ‘‘एवढ्याशा लेकराला राबवायचे का आता?’’ असे म्हणून त्या उठूनही गेल्या. त्यांचा राग खोटा नव्हता. नऊ वर्षे त्यांनीच तिला तळहातावर जपले होते. तेव्हा आम्ही व्यायाम हा शब्दच टाकून दिला आणि पुन्हा फिजिओथेरपिस्टांकडे जाऊन, घरातली कोणती कामे तिला चालतील ते लिहून आणले. सकाळी देवपूजेची फुले तिने आणावयाची, परडी उजव्या हातात. तांब्या दोन्ही हातांनी धरून तुळशीला पाणी घालावयाचे. जिन्याच्या सात पायऱ्या कठड्याला धरून स्वतः चढावयाच्या. काका मागे उभे राहतील, उचलणार नाहीत. संध्याकाळी सगळ्या मुलांबरोबर कापडी चेंडूचा झेल, आणि तिच्या वेळी चेंडू जवळून टाकावयाचा, एवढीच सवलत.

पहिल्या महिन्यात तांब्या कितीदा पडला आणि वहिनींच्या डोळ्यांना कितीदा पाणी आले, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. हात सरळ झाला काय, असे वाचक विचारतील. नाही झाला, होईल असे कोणी आम्हांस सांगितलेही नाही. परंतु वर्षभरात ती सात पायऱ्या न थांबता चढू लागली आहे, रात्री शांत झोपते, आणि चुलत भावाने तिचा चेंडू मुद्दाम सोडला तर त्याच्याशी भांडते. हे भांडण आमच्या घरातील सर्वांना फार गोड वाटते. परवा वहिनींनीच तिला हाक मारली : ‘‘अगं, कोथिंबीर निवडायची राहिली आहे, ये इकडे.’’ आम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली नाही, पण ऐकले.

शाळांस एक विनंती

घराइतकेच दायित्व शाळेचे. २०१६ च्या त्याच कायद्यात शिक्षणसंस्थांनी अपंग मुलांस इतरांच्या बरोबरीने खेळाची व करमणुकीची संधी दिली पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या तरुणपणी असा कायदा नव्हता, हे खरे. पण त्याने आमचा दोष धुऊन निघत नाही. मुलास रांगेत उभे करावयास कायदा लागत नव्हता. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून हात वर करावेत. ज्याला धावता येत नाही त्याने गोळा फेकावा. पॅरिस येथे २०२४ मध्ये एक हात अधू असलेल्या सांगलीच्याच सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले, हे मुलांस सांगावे. ज्याला काहीच जमत नाही असे वाटते, त्यास आधी विचारावे की, तू सुटीत कोठे जातोस? न जाणो, तोही एखाद्या बोडीवर जात असेल.

परवा आम्ही आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. फाल्गुनात त्याच्या गावच्या बोडीचे पाणी कमरेइतके उतरते. घाटाच्या पायऱ्या आहेत, आमचे दोघे पुतणे चांगले पोहणारे आहेत, दोर आम्ही आणू, डॉक्टरांची संमती तू घे, असे त्यास सांगितले. आणि चाळीस वर्षांपूर्वी घेतलेले वचन त्यास परत केले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला आणि म्हणाला, ‘‘येतो, गुरुजी. पण कपड्यांची राखण तुम्ही करायची.’’

आम्ही ती पत्करली आहे.